उजेडाचा तहनामा : एक प्रस्तावना

वास्तुशिल्पींच्या कचेऱ्यांतून ज्याला आज सर्रास ‘रेंडर’ म्हणतात आणि आमच्या विद्यार्थिदशेत ज्याला ‘पर्स्पेक्टिव्ह रंगवणे’ म्हणत, त्या चित्रप्रकाराचे प्रयोजन वरकरणी अगदी व्यावहारिक आहे : जी खोली अद्याप उभी राहिलेली नाही ती उभी राहिल्यावर कशी दिसेल, याची खातरजमा तिच्यासाठी पैसे मोजणाऱ्या गृहस्थाला आगाऊ करून द्यायची. फरशीचा रंग, पडद्याचे कापड, सोफ्याची उंची या गोष्टी त्या चित्रात दाखवणे अवघड नाही. त्यांचे नमुने बाजारात मिळतात आणि मापे नकाशात असतात. परंतु ज्या एका पदार्थामुळे ती सारी सामग्री दृश्य होते त्या उजेडाचा नमुना कोणत्याही दुकानात मिळत नाही. शिवाय तो एकाच खोलीत दोन दिशांनी येतो, दोन निराळ्या मुलखांचे कायदे पाळतो, आणि चित्रकाराने त्या दोघांना एकाच कागदावर नांदवावे अशी अपेक्षा असते. आतला उजेड आणि बाहेरचा उजेड यांच्या या सहवासाचा विचार प्रस्तुत पुस्तकात केला आहे. त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते, माझी समजूत अशी, की माझ्या व्यासंगापेक्षा या बाबतीतल्या माझ्या चुकांची कीर्ती लेखकांच्या कानावर अधिक गेली असावी.

त्यांपैकी एक चूक येथे नमूद करणे भाग आहे. वरळीला समुद्राच्या तोंडावर असलेल्या एका इमारतीतील चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्याचे चित्र मी एका सेवानिवृत्त गृहस्थांसाठी तयार केले होते. पश्चिमेला भिंतभर खिडकी, तिच्यापलीकडे अरबी समुद्र, अलीकडे शिसवी आरामखुर्ची आणि तिच्याशेजारी पेटलेला उभा दिवा. समुद्र निळा आणि लाटन् लाट स्पष्ट, खुर्चीच्या वेताची वीण स्पष्ट, दिव्याखालचे पिवळे रिंगणही स्पष्ट. कोठे काही करपलेले नाही, कोठे काही बुडालेले नाही, याचा मला अभिमानच वाटत होता. गृहस्थांनी चित्र हातभर अंतरावर धरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अहो, इथं खिडकी काढायची होती ना? तुम्ही तर भिंतीवर कालनिर्णय टांगलंय.” राग ओसरल्यावर ध्यानात आले, की त्यांच्या तोंडून नकळत शास्त्रच बोलून गेले होते. काळाचा निर्णय त्या चित्रात झालेलाच नव्हता. समुद्र दुपारी चारचा होता, दिवा रात्री आठचा होता, आणि खोली कोणत्याच वेळेची नव्हती.

या अडचणीचे मूळ अंकगणितात आहे. एखाद्या पृष्ठावर पडणारा प्रकाश ज्या परिमाणात मोजतात त्याला लक्स म्हणतात. निरभ्र दुपारी उघड्या अंगणात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. त्याच वेळी खिडकीपासून दोन-तीन मीटर आत ठेवलेल्या मेजावर २०० ते ३०० लक्स असले तरी ती खोली आपण उजेडाची समजतो, आणि रात्री तर १००-१५० लक्सवर कुटुंबाचा सारा व्यवहार विनातक्रार चालतो. म्हणजे उन्हात तळपणारी समोरच्या घराची पांढरी भिंत आणि खोलीतली तितकीच पांढरी भिंत यांच्या तेजात चारशे-पाचशे पटींचे अंतर सहज पडते. आता कागदाची ऐपत पाहा : चांगल्या छपाईतला निखळ पांढरा आणि गर्द काळा यांच्यातले अंतर शंभर पटींच्या आतच संपते. संगणकाचा पडदा त्याहून पुष्कळ सधन असला तरी सूर्याच्या सावकारीपुढे तोही कूळच. भिंतीभिंतींतलेच अंतर पाचशे पटींचे, त्यात पलंगाखालच्या अंधाराची भर, आणि हे सारे शंभरांच्या मापात बसवायचे. असा हा मामला आहे.

मग डोळ्याला हे कसे जमते, असा प्रश्न कोणीही विचारील. डोळ्याची बाहुली लहानात लहान दोन आणि मोठ्यात मोठी आठ मिलिमीटर व्यासाची होते, म्हणजे तिच्या उघडझापीने अवघी सोळा पटींची सोय होते; उरलेला कारभार दृष्टिपटलातील रसायन आणि मेंदू यांच्याकडे असतो, आणि जुन्या दफ्तरातल्या कारकुनांप्रमाणे ते तो सावकाश उरकतात. मे महिन्याच्या भर दुपारी उन्हातून कोकणातल्या एखाद्या घराच्या माजघरात शिरणाऱ्या माणसाला प्रथम काहीच दिसत नाही. मग कोपऱ्यातली उतरंड दिसते, मग फडताळातली भांडी दिसतात, आणि सर्वांत शेवटी, भिंतीला टेकून तांदूळ निवडणारी आजी दिसते, जिने त्याला केव्हाच पाहिलेले असते. दाट काळोखाला पुरते सरावायला तर डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. आजीचे माजघर आणि नातवाचे माजघर त्या क्षणी एक नाही, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला अंतर्दृश्याच्या चित्रातला मूळ प्रश्न समजला असे मी म्हणेन. खोलीत उजेड किती आहे हे यंत्र सांगू शकते. तो कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा, आत्ताच उंबरठा ओलांडलेल्या पाहुण्याच्या की तासभर बसलेल्या माणसाच्या, हे मात्र चित्रकारालाच ठरवावे लागते. चुना फासल्यासारखी पांढरीफेक खिडकी पाहून ‘खिडकी बर्न झाली’ अशी हाकाटी करणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. आत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला भर दुपारची खिडकी बरीचशी तशीच दिसते, हे त्यांच्या लक्षात आणून दिले म्हणजे ते गप्प होतात, पटते असे नाही.

जुन्या चित्रकारांनी या पेचातून काढलेल्या वाटा मोठ्या शहाणपणाच्या आहेत. सतराव्या शतकात डेल्फ्ट गावी राहून व्हर्मीरने घरातल्या ज्या खोल्या रंगवल्या त्यांतील बहुतेकींत खिडकी डाव्या हाताला असते, ती इतकी तिरकी दिसते की तिच्या तावदानापलीकडे काय आहे हे कळू नये. बाहेरचा सारा मुलूख त्याने चित्राच्या हद्दीबाहेर ठेवला आणि तिथून येणारा वसूल तेवढा भिंतीवर जमा करून घेतला. त्याच्याच गावी काही वर्षे काढलेल्या पीटर द होखने उलट मार्ग धरला : त्याच्या खोलीतून दुसरी खोली दिसते, तिच्या दारातून अंगण किंवा रस्ता दिसतो, आणि उजेड एकदम अंगावर न येता दालनामागून दालन पायऱ्या चढल्यासारखा वाढत जातो. लंडनमध्ये सर जॉन सोन या वास्तुशिल्पीने लिंकन्स इन फील्ड्समधल्या आपल्या घरात माथ्यावरच्या लपलेल्या झरोक्यांना पिवळी काच बसवली, जागोजाग आरसे लावले, आणि जोसेफ गँडी या चित्रकाराकडून आपल्या वास्तूंची जलरंगातली चित्रे करवून घेतली. रेंडर करणाऱ्या आजच्या मंडळींनी गँडीला आपला मूळपुरुष मानायला हरकत नाही, कारण पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे न बांधलेली वास्तू उभी करण्याचा धंदा त्याने इमानेइतबारे केला आणि उजेडाच्या बाबतीत तो आपल्या धन्याहूनही धीट होता.

छायाचित्राच्या युगात आतल्या-बाहेरच्या उजेडाचा हा तह कॅमेऱ्याशी करावा लागला. त्यातला सर्वांत प्रसिद्ध तह १९६० साली लॉस एंजलिसच्या टेकडीवर झाला. पिअर कोनिगने बांधलेल्या, काचेच्या भिंतींच्या ‘केस स्टडी हाउस क्रमांक २२’चे ज्यूलिअस शुलमनने रात्री छायाचित्र घेतले : आत दोन स्त्रिया गप्पा मारीत बसलेल्या, आणि त्यांच्या पायांखाली जणू शहराच्या दिव्यांचा गालिचा अंथरलेला. प्रत्यक्षात खोलीच्या मानाने ते दिवे इतके मंद होते की एका झडपेत दोन्ही पकडणे अशक्य. म्हणून शुलमनने खोली अंधारी ठेवून सात मिनिटे शहराचा उजेड फिल्मवर साठू दिला, आणि मग त्याच फिल्मवर फ्लॅशचे दिवे चमकवून क्षणार्धात आतली खोली उमटवली. सात मिनिटांचे बाहेर आणि एका क्षणाचे आत, असे दोन निरनिराळे काळ त्या एका चित्रात आहेत. मग ते खोटे ठरते काय? तिथे बसलेल्या त्या स्त्रियांनी एकदा खाली शहराकडे आणि एकदा एकमेकींकडे पाहिले असते तर त्यांच्या स्मरणात जे चित्र राहिले असते तेच शुलमनने दिले. डोळा नजरेला नजर जोडून खोलीचे चित्र बनवतो. फिल्मला एकच नजर असते, तिला दुसरी उसनी द्यावी लागली इतकेच. माझ्या वरळीच्या चित्रातही दोन काळ होते. फरक असा, की शुलमनने दोन्ही काळ एकाच रात्रीतले घेतले होते.

संगणकाच्या कथेत मी फार रेंगाळणार नाही. पुस्तकात ती यथास्थित आली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९८४ साली एक रिकामी पेटी कल्पून तिच्या भिंतींनी परस्परांवर किती प्रकाश टाकला याचा हिशेब करण्यात आला, आणि लाल भिंतीचा लालसर ओझरता रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठावर उतरलेला संगणकाच्या पडद्यावर दिसला. १९८६ साली जेम्स काजियाने तो सारा व्यवहार एका समीकरणात बसवला. त्याचा आशय कोणत्याही खतावणीत सापडेल असा आहे : एखाद्या बिंदूवरून जो प्रकाश निघतो तो म्हणजे त्याचा स्वतःचा, अधिक चहूबाजूंनी त्याच्याकडे आलेल्या प्रकाशातला त्याने परत फेकलेला हिस्सा. इथे नवख्यांची एक ठराविक चूक होते. भिंत पांढरी हवी म्हणून ते तिला शंभर टक्के पांढरी करतात, आणि मग एकही किरण खर्ची पडत नाही. खोलीत उजेडाचे धुके साचते, कोपरे नाहीसे होतात. नव्या चुन्याची भिंतसुद्धा आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्केच परत करते, आणि गडद लाकूड तर १०-२० टक्क्यांवर बोळवण करते. खोलीला खोलपणा येतो तो या बुडीत खात्यामुळे.

पुढे १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी कमी-अधिक एक्स्पोजरची अनेक छायाचित्रे एकत्र करून दृश्यातले खरे तेज आकड्यांत साठवण्याची रीत सिद्ध केली, आणि खिडकीबाहेरचे आकाश त्याच्या अस्सल बळानिशी संगणकात आणता येऊ लागले. येथवर आल्यावर मात्र यंत्र पुन्हा आपल्या आजोबांच्याच दाराशी येऊन थांबले, कारण मोजलेले तेज कितीही खरे असले तरी कागद तोच शंभर पटींचा. २००२ साली एरिक राइनहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तेज दाबून पडद्यावर बसवण्याची जी रीत मांडली तिचा आधार त्यांनी अँसल अॅडम्स या छायाचित्रकाराच्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या जुन्या कोष्टकात शोधला, याचे मला मोठे समाधान वाटते.

तेज दाबावे लागते हे एकदा मान्य केले म्हणजे किती दाबावे एवढाच वाद उरतो, आणि या पुस्तकाचा गाभा म्हणजे तो वाद होय. माझे मत थोडक्यात सांगतो : प्रमाण हवे तेवढे घटवावे, क्रम मात्र मोडू नये. पाचशे पटींचे अंतर पाच पटींवर आणले तरी डोळा ते खपवून घेतो, कारण तो स्वतःही असेच करीत असतो. पण दिवसा आतली भिंत बाहेरच्या उन्हातल्या भिंतीहून एक रेसभरही उजळ झाली की पाहणाऱ्याला काहीतरी बिनसल्याची जाणीव होते, मग त्याला कारण सांगता येवो न येवो. या क्रमात सर्वांत उपेक्षित जागा खिडकी ज्या भिंतीत असते त्या भिंतीची. तिच्यावर खिडकीचा उजेड थेट पडतच नाही, समोरच्या भिंतीवरून आलेल्या उसन्यावर ती जगते, आणि तीही तळपत्या आकाशाला खेटून. म्हणून ती खोलीतली सर्वांत काळवंडलेली भिंत असते. रेंडरमध्ये नेमकी हीच भिंत लपवलेले दिवे लावून उजळून टाकतात आणि खिडकी कापून चिकटवल्यासारखी दिसू लागते. लपवलेल्या दिव्यांवर माझा आक्षेप नाही, शुलमनचे फ्लॅशही लपवलेलेच होते; आक्षेप आहे तो त्यांनी खिडकीची मुखत्यारी बळकावण्यावर. जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंतींत खिडकीच्या बाजू आतल्या अंगाला फाकवलेल्या आढळतात. त्या तिरक्या पाख्यांवर ना बाहेरचा लखलखाट, ना आतला अंधार, असा मधला उजेड रेंगाळतो आणि डोळ्याला उतरायला पायरी मिळते. होखने जे दालनांनी साधले ते आमच्या गवंड्यांनी भिंतीच्या जाडीत साधले होते.

आपल्याकडच्या उजेडाविषयी चार शब्द जास्त लिहिले तर वाचक क्षमा करतील, कारण या विषयावरचे बहुतेक ग्रंथ उत्तरेकडच्या थंड देशांत लिहिले गेले आहेत आणि त्यांतला सूर्य खिडकीतून तिरका येऊन जमिनीवर लांबलचक पट्टा टाकतो. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य ऐन डोक्यावर येतो. पागोळीखालच्या खिडकीतून तो आत येण्याचा संभवच नाही. तो पडतो अंगणात, आणि अंगणातून उसळी मारून, ओटीवरून, खालून वर असा घरात शिरतो. म्हणून आपल्या घरात भर दुपारी आढ्याची आतली बाजू खालच्या जमिनीपेक्षा उजळ दिसते, आणि जांभ्या दगडाचे किंवा लाल मातीचे अंगण असेल तर त्या उजेडाला तांबूस छटा येते. पावसाळ्यात हिरवळ वाढली की तीच छटा हिरवट होते. संगणकातली खोली पुष्कळदा जमिनीशिवाय अधांतरी लटकत असते. तिच्या खिडकीबाहेर आकाश असते, अंगण नसते. मग तुळया मेलेल्या दिसतात आणि चित्रकार दिव्यामागून दिवे लावीत बसतो. त्याऐवजी त्याने बाहेर दहा हात अंगण सारवावे.

पावसाळी आकाशाचा कायदा आणखी निराळा. दाट ढगांच्या आकाशात माथ्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागाच्या तिप्पट तेजस्वी असतो, हे मून आणि स्पेन्सर यांनी १९४२ साली सूत्रबद्ध केले. कोकणातल्या कौलारू घरात स्वयंपाकघरावर एखादेच काचेचे कौल बसवण्याची जी वहिवाट आहे तिच्यामागचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले. आषाढात बाजूच्या खिडक्या झडीपायी बंद असतात, आणि चुलीपुढच्या बाईला त्या वीतभर काचेतून आकाशाचा सर्वांत उजळ तुकडा मिळतो. अशा खोलीचे चित्र ज्याला जमले त्याला कोणत्याही दिवाणखान्याचे भय नाही.

राहिली दिवेलागणीची वेळ. रेंडरच्या बाजारात तिला विलक्षण मागणी आहे, कारण त्या वेळी बाहेरचा उजेड आपण होऊन आतल्या दिव्यांच्या पातळीवर उतरतो आणि चित्रकाराला तहाची कलमे घासाघीस न करता मिळतात. रंग-तापमानाच्या भाषेत बाहेरचे निळे आकाश १०,००० केल्विनच्या पलीकडचे, आतला दिवा २,७०० केल्विनचा. त्या निळ्या-पिवळ्याच्या जुगलबंदीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण कोपनहेगनला जूनमध्ये सूर्यास्तानंतरची ही निळाई पाऊण तासाहून जास्त टिकते, आणि मुंबईत सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जेमतेम बावीस-पंचवीस मिनिटे मिळतात. त्यांत ऐन तोलाचा क्षण तर पाच-सात मिनिटांचा. जी खोली दिवसाचे दहा तास उन्हाशी झगडणार आहे तिची परीक्षा त्या पाच मिनिटांवरून करायला लावणे ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे असे मला वाटते, जरी मी स्वतः ती अनेकदा केली आहे.

आणि रात्र झाली की पारडे उलटते. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के परत फिरवते. बाहेरचा उजेड त्याहून क्षीण झाला की खिडकी आरसा होते आणि समुद्राच्या जागी आपलाच दिवा, आपलीच खुर्ची आणि आपण दिसू लागतो. रात्रीच्या चित्रात खिडकीला सपाट काळा रंग देणाऱ्यांनी एकदा आपल्या घरच्या खिडकीपुढे उभे राहून पाहावे.

वरळीचे चित्र मी पुन्हा केले. दिवा मालवला. जानेवारीतली दुपारी चारची वेळ धरली, समुद्राचा निळा रंग जाऊ दिला आणि त्याच्या जागी डोळे बारीक करायला लावणारा चकचकीत पांढुरका पट्टा ठेवला. खिडकीलगतची भिंत काळवंडू दिली, आणि उन्हाचा कवडसा आरामखुर्चीच्या हातावरून मांडीवर चढवला. वेताची वीण अर्धी बुडाली, तिचे वाईट वाटले. गृहस्थांनी चित्र पूर्वीसारखेच हातभर अंतरावर धरले. उजेडाविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. बराच वेळ पाहून, खुर्चीवर बोट ठेवून म्हणाले, “ही जरा अलीकडे घ्या हो. इथं बसून पेपर वाचताना डोळ्यांवर येईल.”